नुसतं बगॅस टाकलं तेव्हा

आबा, आज मी वर्गात पोरांना वैद्यकीय शोधनिबंध कसे शोधायचे ते शिकवत होते आणि मधेच तुमचा खोकला ऐकू आला. क्षणात मी पुन्हा तीच, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातनं सुट्टीला घरी आलेय. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलाय, भाकरी ताटात तशीच. कारखान्यात रस काढून उरलेला उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, रचायचं तुमचं काम. जुना ढीग उकरला की संध्याकाळी ताप आणि धाप. "ही धूळच खातीया मला," तुम्ही म्हणालात. "तुझ्या कालेजात बघ की, कुणी लिवलंय का. सायबास्नी दावतो, म्हंजे दुसऱ्या खात्यात घालतील."

कॉलेजच्या लायब्ररीत तेव्हा नवा कॉम्प्युटर आला होता. सीडी घातली की जगभरातल्या निबंधांची यादी दिसायची. दवाखान्यात आपली माणसं सगळी दुखणी एका झटक्यात सांगतात ना, तसं मी सगळं एकदम टाकलं: दमा, साखर कारखाना, बगॅस, धूळ, ताप, भारत. मशीन बिचारं हे सगळंच्या सगळं एकाच निबंधात शोधत बसलं. काही आलं नाही. आणि मी शहाणी घरी येऊन म्हणाले, "असं काही नसतं आबा. दमा आहे, पंप घ्या." एरवी एसटीच्या कंडक्टरशीही भांडणारे तुम्ही, त्या दिवशी माझं लगेच मानलंत. आईला एवढंच म्हणालात, "पोरगी डाक्टर हुनार हाय, तिला कळतंय की." पुढच्या हंगामात परत त्याच ढिगावर गेलात. फुप्फुसं आखडत गेली, आणि एक दिवस तुम्हीही गेलात.

नंतर काही वर्षांनी, गल्लोगल्ली इंटरनेट आल्यावर, एका कार्यशाळेत बाईंनी शिकवलं: प्रश्नाचे तुकडे करा, एकेक शब्द वेगळा शोधा, त्याची दुसरी नावं बघा, मगच जोडा. मी नुसतं बगॅस टाकलं. आबा, पडदा भरला हो! रोगाला नावसुद्धा होतं, बगॅसोसिस. निबंध तुमच्या आजारपणाच्याही आधीचे. चोथा ओला ठेवा, माणसाला धुळीतनं बाहेर काढा, सरळ लिहिलेलं. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले.

आता पोरांना हेच उदाहरण देते, कुणाचे वडील ते सांगत नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? राहू दे इथंच. पण खरं सांगते, पोरं तो एकटा शब्द टाकतात तेव्हा दर वेळी वाटतं, या खेपेला तरी काही सापडू नये, म्हणजे तेव्हा तुम्हाला सांगितलेलं खोटं ठरणार नाही.