दहापैकी सहा

बाई, तुम्ही हिंजवडीला जाऊन आला होतात हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल अजून काही नवं कळू शकतं याचंच आधी नवल वाटलं. मग ऐकलं ते इतकं मोठं होतं की दोन दिवस माझं कामात लक्ष नाही. कुणाला सांगावं तर तुम्हाला ओळखणारं आसपास कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी आता खराडीच्या एका कंपनीत भरतीचं काम बघते. मुलाखती पार पडल्या, उमेदवार सगळ्यांना पसंत पडला, की शेवटी त्याच्या जुन्या साहेबांना फोन करून विचारायचं, माणूस कसा होता. याला रेफरन्स चेक म्हणतात. तुमच्या वेळी लग्नाआधी चौकशी करायचे, तसंच. पुष्कळदा ते नावापुरतंच असतं, कारण फोन नंबर उमेदवारानेच दिलेला असतो आणि पलीकडून गोडच ऐकू येतं. दहापैकी किती गुण द्याल म्हटलं की आठ नाहीतर नऊ येतात. त्याखाली काही आलं की आमच्या भुवया वर जातात. आणि ‘परत कामावर घ्याल का’ याला नकार आला, तर मुलाखती कितीही झकास झालेल्या असोत, नेमणुकीचं पत्र तिथेच थांबतं. उमेदवाराला कारण सांगायचं नाही असा नियम आहे. मीही सांगत नाही.

आणि अशा चौकशीसाठी मी एकेकाळी नाव दिलं होतं तुमचं. शनिवार पेठेतल्या तुमच्या त्या दोन खोल्यांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम केलेल्या कुणीही मला वेड्यात काढलं असतं. मी नवीन होते तेव्हा एका आजोबांना त्यांचा कागद देताना म्हटलं होतं, ‘छान आलाय हं रिपोर्ट.’ तुम्ही आतून बाहेर आलात. एरवी मला अगं-तुगं करायचात, त्या दिवशी म्हणालात, “आपण डॉक्टर कधी झालात?” तुमच्या तोंडी ‘आपण’ आलं की काही खरं नसायचं. आजोबा गेल्यावर तुम्ही शांतपणे सांगितलंत, “रिपोर्ट छान नसतो. मर्यादेत असतो किंवा नसतो. छान साडी असते.” त्यानंतर लॅबमध्ये मी छान हा शब्द वापरला नाही. तुम्ही तर कधीच वापरला नाहीत. एका तान्ह्या बाळाची शीर मला पहिल्या सुईत सापडली, तेव्हा तुम्ही चष्म्यावरून बघून ‘हं, चालेल’ म्हणालात, आणि मी ते घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात बाबांची कंपनी बंद पडली आणि घर माझ्यावर आलं. तुमच्याकडच्या पगारात ते भागणार नव्हतं. हिंजवडीच्या एका कंपनीला लॅबसाठी सॉफ्टवेअर करायला लॅबमधला अनुभव असलेली माणसं हवी होती. मुलाखती झाल्या, पत्र येणार म्हणून कळवलं, आणि मग एकदम सगळं गप्प. मी फोन केला तर म्हणाले, चौकशीत काहीतरी आलंय, सध्या थांबवलंय. मला ती दुपार दिसते आहे. लॅबच्या मागच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात आपण दोघी मंडईतून आणलेले मटार सोलतोय. तुमचा डबा खाऊन झाला की हेच चालायचं. मी सांगितलं, पत्र थांबलंय. तुम्ही विचारलंत, “का?” मी म्हटलं, चौकशीत काहीतरी आलंय म्हणाले, काय ते सांगत नाहीत. रडू येत होतं आणि तुमच्यासमोर रडायची सोय नव्हती. मनात हेही आलं की तुम्हीच काहीतरी बोलला असणार. तुम्ही दोन-तीन शेंगा सोलल्यात आणि म्हणालात, “उद्या लॅब बंद ठेवते. मला बाहेर काम आहे.”

दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा अर्धा दिवस उघडी असणारी लॅब. मला वाटलं, तुमची तब्येत बरी नाही, डॉक्टरकडे निघाला आहात. विचारायची छाती नव्हती. चार दिवसांनी पत्र आलं. मी समजले, त्यांच्याकडेच काही गोंधळ होता, तो निस्तरला.

परवा आमच्याकडे एक सल्लागार आले होते. मूळचे भोपाळचे, पण आता अस्सल पुणेरी मराठी बोलतात. चहा पिताना मी कुठे कुठे काम केलं हे निघालं, आणि ते कप ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. तो फोन त्यांनी केला होता. तेव्हा ते पुण्यात नवे होते. ते हिंदीत विचारत होते आणि तुम्ही मराठीत उत्तरं देत होता. गुण विचारले तर म्हणालात, सहा. तिथेच ते दचकले. मग विचारलं, परत कामावर ठेवाल का? तुम्ही म्हणालात, “प्रश्नच नाही.” “मॅडम, मी काय करणार?” ते मला म्हणाले. “सवाल ही नहीं म्हणजे आमच्याकडे सरळ नकार. मी नो लिहिलं आणि फाइल बंद केली.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांना खालून निरोप आला की एक वयस्कर बाई आल्यात आणि भेटल्याशिवाय जाणार नाहीत म्हणतात. तुम्ही दोन बस बदलून गेला होतात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी. काय लिहिलं ते दाखवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, “नका दाखवू. मी काय बोलले ते सांगते, तुम्ही काय लिहिलंत ते तुम्ही बघा.” आणि प्रश्नच नाही म्हणजे विचारायची गरजच नाही, ती आली तर त्याच मिनिटाला घेईन, हे तुम्ही त्यांना सावकाश, चक्क हिंदीत समजावलंत. बाई, तुमचं हिंदी. ते आठवून ते गृहस्थ अजून हसतात.

त्यांनी लगेच नोंद बदलली. मग तुम्हाला सुचवलं की आलाच आहात तर गुणही आठ करून टाकू, पुढे कुणी शंका काढायला नको. तुम्ही नाही म्हणालात. सहा म्हणजे सहाच. त्यांना कळेना की जिच्यासाठी ही बाई इतक्या लांब आली, तिला दोन गुण वाढवून द्यायला हिचं काय जातंय. शेवटी त्यांनी विचारलं, मग तुम्ही स्वतःला किती द्याल?

“सात,” तुम्ही म्हणालात. “तेही सकाळी. दुपारनंतर हात थरथरतो.”

ते पुढे बरंच बोलत होते, मला काही ऐकू आलं नाही. तुमच्या खालोखाल. तुम्ही मला तुमच्या खालोखाल धरलं होतंत, आणि ते मला न सांगता एका परक्या माणसाला सांगून परत बसमध्ये बसलात. दुसऱ्या दिवशी लॅब उघडून मला म्हणालात की कालचे नमुने आज येतील, लवकर जेवून घे. माझ्या शेवटच्या दिवशी तुम्ही सोललेल्या मटारांचा डबा हातात दिलात आणि घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलंत. मला तेव्हा वाटलं होतं, इतक्या वर्षांनी हेच द्यायचं सुचलं का यांना. इतकं मोठं माणूस रोज माझ्यासमोर बसून मटार सोलत होतं, याने मी अजून थक्क आहे.

काल एका मुलाच्या चौकशीसाठी फोन लावला. पलीकडे नारायण पेठेतले कुणी निवृत्त सर होते. “बरा आहे,” म्हणाले आणि थांबले. पूर्वी मी तेवढंच लिहून घेतलं असतं. काल विचारलं, सर, तुम्ही बरा कितीजणांना म्हणता? ते म्हणाले, “हा दुसरा.” मुलाला पत्र गेलं.

आज आमच्याकडे प्रत्येकाने आपापल्या कामाला गुण द्यायचे होते. मी दर वर्षी नऊ लिहिते, सगळेच लिहितात. आज सहा लिहिलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग धीर सुटला आणि आठ केलं. हे तुम्हाला कळायला नको, म्हणून पत्र माझ्यापाशीच ठेवते.