अख्खा बिल्ला

३ सप्टेंबर

ओल्शानेक एकदाचं गाठलं! शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी, राहायला लेओकाद्याबाईंच्या घरातली वरची खोली, खिडकीखाली सफरचंदाचं झाड आणि पलीकडे तळं. एकट्या जिवाला आणखी काय हवं? बाईंनी आल्या आल्या खारवलेल्या काकडीचं सूप पुढे ठेवलं आणि चाळिशी आली तरी लग्न का नाही, हेही विचारून घेतलं.

तोरुनला आईला फोन केला. पाच वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून ती हसलेली नाही, आजही हसली नाही. नाताळला नक्की येतो म्हणालो. मागच्या नाताळलाही असंच म्हणालो होतो आणि गेलो नव्हतो. तिनं त्याची आठवण करून दिली नाही, तेच जास्त लागलं.

२१ सप्टेंबर

गावात ओळखी होईनात म्हणून लढाई मंडळात नाव घातलं. दर जानेवारीत हे लोक तळ्याकाठी पंचेचाळीस सालची लढाई उभी करतात. रशियन व्हायला रांग, जर्मन व्हायला कोणी नाही. नवा गडी म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. बाईंनी ऐकलं आणि विचारलं की देशातली सोंगं काय संपली होती? ज्यांनी आमची घरं जाळली त्यांचेच कपडे हौसेनं शिवता!

मंडळाचे प्रमुख झेनोनराव निवृत्त पोस्टमन. जन्मभर पत्रं मोजली, आता आम्हाला मोजतात. आम्ही अकरा जर्मन. बाजारातून आणलेला माझा कॅमोफ्लाजचा अंगरखा त्यांनी उलटा केला, शिवणीचा दोरा उपसून काडीला लावला. दोरा जळायच्या ऐवजी वितळला. पंचेचाळीस साली नायलॉन घालून कोण मेलं होतं रे मास्तर, म्हणाले. उंच बूटही नापास. त्या हिवाळ्यात जर्मनांकडे कातडं उरलंच नव्हतं, घोट्यापर्यंतचे बूट आणि वर कापडी पट्टे घाल म्हणाले.

मला पहिल्या पाच मिनिटांत मरायचंय. मग शिट्टी होईपर्यंत पडून राहायचं. झोळीत ही वही ठेवीन, मेल्यावर रोजनिशी लिहीन, असं म्हणालो तर सगळे खो खो हसले.

१२ ऑक्टोबर

तळघरात बटाटे आणायला गेलो आणि बटाट्यांवर घातलेलं कापड पाहून तिथेच बसलो. तिकोनी, कडेनं धातूच्या गुंड्या, एकमेकांत घुसलेले तपकिरी-हिरवे टोकदार तुकडे आणि त्यांवर पावसासारख्या बारीक रेघा. अस्सल! जर्मन शिपाई हेच पावसात अंगावर घ्यायचे, चार जोडून तंबू करायचे. एका कोपऱ्यात मोठा काळपट डाग आहे. बाईंना विचारलं तर आईच्या वेळेपासूनचं आहे, हवं तर न्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून बटाटे निवडत बसल्या.

झेनोनरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मग एकेक गुंडी मोजली.

१९ ऑक्टोबर

कापडाच्या काठात काहीतरी टोचलं. शिवण उसवली तर अर्धा ओळखबिल्ला निघाला, जस्ताचा. झेनोनरावांनी समजावलं की बिल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या भागावर एकच आकडा असतो. शिपाई पडला की खालचा अर्धा मोडून घ्यायचा, म्हणजे घरी पत्र जातं. वरचा अर्धा मुडद्याबरोबर राहतो. जिवंत माणसाच्या गळ्यात अख्खाच हवा, अर्धा घालून आलास तर जाणकार हसतील, अशी तंबीही दिली.

मग काय, शाळेच्या कार्यशाळेत बसलो. जस्ताचा तुकडा कापला, तेच आकडे ठोकले, मोडायला असते तशी मधली भोकांची रेघ पाडली आणि डाख देऊन जोडला. सांधा शोधूनही सापडत नाही. स्वतःवरच खूश आहे.

९ नोव्हेंबर

पहिली तालीम. मी छान मेलो. शिट्टीनंतर झेनोनरावांनी मोजलं, जर्मन बारा. पुन्हा मोजलं, बारा. वय झालं म्हणून सगळ्यांनी त्यांची चेष्टा केली. रांगेच्या टोकाला एक ओल्या केसांचा तरुण होता. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा पाहुणा असेल. दुसऱ्यांना वाटलं, माझा.

३० नोव्हेंबर

आजही बारा. फोटोत तो पाठमोरा आहे. उंची माझी, खांदे माझ्यासारखेच जरा उतरलेले. साऱ्यांच्या अंगावर काही ना काही पांघरलेलं, त्याच्या अंगावर नुसता सदरा.

फोटो बाईंना दाखवला. त्या खुर्चीत बसल्या आणि सांगून टाकलं. पंचेचाळीसच्या वसंतात बर्फ वितळलं तेव्हा सफरचंदाच्या झाडाखाली एक जर्मन पोरगा सापडला, त्याच कापडात गुंडाळलेला. बाईंच्या आईनं त्याला नीट पुरलं, पण कापड काढून घेतलं. घरात चार लेकरं उघडी होती. मेल्याला थंडी वाजत नाही, म्हणाली म्हणे. बिल्ला मात्र काठात शिवला. कधीतरी त्याची आई विचारत येईल, तिला देऊ. कोणी आलं नाही. बाई रडल्या. मलाही रडू आलं.

त्याच्या घरी पत्र गेलं होतं. खालचा अर्धा कुणीतरी मोडून नेला होता. तो मेला होता, रीतसर. मी तो जोडला.

२४ डिसेंबर

गेलो नाही. बर्फानं बसगाड्या बंद आहेत असं आईला सांगितलं. दुपारची गाडी होती. मला गणवेशावरचं पांढरं हिवाळी आवरण शिवून संपवायचं होतं — खरं कारण एवढंच. लाज वाटते.

ती रागावली नाही. दोन ताटं मांडलीत म्हणाली, एक तिचं आणि एक रीतीप्रमाणे वाट चुकून येणाऱ्या पाहुण्याचं.

२५ डिसेंबर

आईचा फोन. ती हसत होती! म्हणाली, "गुलामा, येत नाही म्हणून थाप मारलीस आणि दारात उभा! भिजून चिंब. किती खाल्लंस रे तीमेक, अख्खा मासा!"

मी म्हणालो, आई, मी आलोच नाही. चेष्टा पुरे, म्हणाली.

१२ जानेवारी

तो दर रविवारी आईकडे जातो. आज फोन केला तर आईनं विचारलं, कोण बोलतंय? तीमेक तर इथे बसून माझी लोकर गुंडाळतोय. मागे कोणीतरी हळूच खोकलं. माझा खोकला.

बाईंनी आज एकाच माणसाचं सूप केलं. मला पाहून दचकल्या. शाळेच्या हजेरीच्या वहीत माझं नाव दिसेना —

बिल्ला पकडीत धरला. मोडला की संपेल. पण कोण? आकडा त्याचा, गळा माझा. आणि आईचं ते हसणं — पाच वर्षांनी. पकड ठेवून दिली.

१९ जानेवारी

थंडी. शेगडीपाशी बसूनही. केस वाळत नाहीत.

२५ जानेवारी

पडलोय. कापडाखाली. बर्फानं भिजतोय —

शिट्टी झाली. सगळे उठले. मला उठता येत नाही. हाक मारली, कोणी वळलं नाही.

झेनोनराव मोजतायत. अकरा. पुन्हा अकरा. आज बरोबर आलं एकदाचं, म्हणाले. टाळ्या.

दोरीपलीकडे आई. तपकिरी टोपी. बघायला आली — तोरुनहून, एवढ्या थंडीत. तीमेक! म्हणून ओरडली. मी इथून ओ दिली.

तो धावत गेला. ती त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळतेय. बाबांचा.

बिल्ला हातात आहे. भोकांची रेघ बोटाला लागतेय. अजून मोडता येईल. जरासा वाकवला की —

तो थरथरतोय. तिनं त्याचे हात आपल्या कोटात घेतले. इतकी हसतेय, आई इतकी हस