बर्फावर राहिलेला तुकडा

२ मार्च
दुसरं नाव! चार वर्षं मूत्रपिंडातल्या कर्करोगाच्या गाठी मी गोठवून कुटल्या. चौसष्ट रुग्ण, प्रत्येकाचा एक तुकडा गाठीचा, एक शेजारच्या निरोगी भागाचा. आणि शोधनिबंधावर पहिलं नाव काल प्रयोगशाळेत आलेल्या सेराचं. आमचे प्रमुख हाम सर म्हणतात, "म्योंग-हुई, तुला आता नाव घेऊन काय करायचंय? तिला नोकरी शोधायचीय." मी त्रेचाळीसची. म्हणजे मेलेच की!

३ मार्च
सेरा म्हणते, "ताई, तुमच्या हातांमुळेच झालं हं सगळं." जळ्ळं तिचं गोड बोलणं.

९ मार्च
जनुक पेशीला जो निरोप धाडतं, तो आधी कातरावा लागतो. नको तो भाग काढायचा, उरलेलं जोडायचं, मग तो कामाला लागतो. गाठीत हे कातरणं निरोगी भागापेक्षा वेगळं दिसतं. त्यामुळेच गाठीला आवरणारं जनुक गप्प बसतं, असं आमचं म्हणणं. हा फरक पहिल्यांदा मी पाहिला. मी! सेरा तेव्हा कॉलेजात होती.

२१ मार्च
शोधनिबंधाच्या परीक्षकांनी गाठ आणि निरोगी तुकडा अशा नव्या दहा जोड्या मागितल्या. सेरा करतेय. हल्ली ऑपरेशनं सकाळी आठला, त्यामुळे ती अंधारातच येते. इथं रस्त्यात भेटलेलीलाही 'जेवलीस का' विचारतात. मी तेवढंही विचारलं नाही.

४ एप्रिल
फरकच नाही! दहाही जोड्यांत निरोप दोन्हीकडे सारखाच कातरलेला. सर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "हात आहेत की लाकडं?" ती रडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

११ एप्रिल
सेराला काढलं. पहिलं नाव माझं. "आता दहा जोड्या तुझ्या हातानं होऊ देत," सर म्हणाले.

१५ एप्रिल
तीन झाल्या. माझ्याही हातून फरक नाही.

१६ एप्रिल
जुनी वही काढली. आता तुकडे सकाळीच येतात, दोन्ही लगेच गोठवले जातात. तेव्हा पावणेबाराला यायचे. बाराच्या ठोक्याला सर जेवायला उठायचे आणि अख्खी प्रयोगशाळा त्यांच्या मागे. उशीर झाला की टोमणा ठरलेला — "म्योंग-हुईला आमची पंगत चालत नाही वाटतं?" म्हणून मी गाठ लगेच गोठवायची, निरोगी तुकडा बर्फावर सोडून पळायची. नोंद माझ्याच अक्षरात: गाठ ११:५२, निरोगी १:०५. पान उलटलं, तेच. पुढचं, तेच. चौसष्ट वेळा! ताटकळताना त्या तुकड्यातलं कातरणं बदलायचं. कर्करोगाचा त्यात काही संबंधच नव्हता. आमच्या जेवणाचा होता. सेराचे हात चांगले होते.

१७ एप्रिल
सरांना वही दाखवली. बराच वेळ चाळली. मग म्हणाले, "वह्या हरवतात गं. आणि पहिलं नाव आता तुझं आहे, विसरू नकोस."

१९ एप्रिल
वहीची सगळी पानं नियतकालिकाच्या संपादकांना पाठवली. खाली सही माझी एकटीची.
मग सेराला फोन लावला. म्हटलं, "जेवलीस का?"
तिनं फोन ठेवला.