कोपी बघायची फी

मुंबई, १२ जानेवारी

आईस, रुपालीचा पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे, मेसचं जेवणही चांगलं असतं. तुझा खोकला थांबला का? पत्र दादांकडून वाचून घे.

सार्वजनिक आरोग्याच्या या पदवीला आम्ही चाळीस जण आहोत. त्यात तीस तर डॉक्टरच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मी एकटी. आता फील्ड व्हिजिटची अठरा हजार फी वेगळी लावलीय, ती शिष्यवृत्तीत बसत नाही. जायचं कुठं, तर राहुरीकडं, तुमच्याच तळावर, ऊसतोड मजूर कसे राहतात ते बघायला. म्हणजे आपलीच पाचटाची कोपी, आपलंच झोपडं बघायला मी पैसे भरायचे. मी भरणार नाही.

बाकीचे येतील. हात धुता का, पाणी उकळता का, असं विचारून लिहून घेतील. उत्तर द्यायच्या आधी तू विचार, एकोणचाळीस जणांच्या फीमध्ये तळावर एक नळ का नाही बसला?

तुझी रुपाली