आता मंडई कामठ्याची

दवनीवाडा,
७ नोव्हेंबर २०१९

प्रिय राजदीपदादा,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे मजेत आहोत. आईचा गुडघा बरा आहे, बाबा धानाच्या कापणीत गुंतलेत आणि तुझ्या लाडक्या शेळीला दोन पिल्लं झाली. बुटीबोरीला तुमच्या कंपनीतलं जेवण सुधारलं का? तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येईल, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

यंदा दिवाळीनंतरची आपली गावजत्रा, मंडई, जोरात झाली. पाळणे आले, नाटक झालं, पाहुण्यांनी घरं भरली. फक्त तू नव्हतास.

आता तुला जे ऐकायचं आहे ते सांगते. स्वप्निल आला होता.

हो, तोच. मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळातला. पोळ्याला तू घरी आला होतास तेव्हा मी त्याला मंडईला बोलावते म्हटलं आणि तू ताटावरून उठलास. "अनोळखी पोरायचा का भरवसा? एक दिवस आडनाव विचारतील, मग समजल तुले," असं म्हणालास आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंस.

तो अनोळखी नाही, दादा. त्या खेळात मुलीचा आवाज ऐकला की अर्धी पोरं नको ते बोलतात आणि उरलेली शहाणपणा शिकवतात. हा एकटाच पहिल्या दिवशी सरळ म्हणाला, "डावीकडं पाह्य, एक जण झोपडीमागं लपून राहिला." आपल्याकडचं 'लपून राहिला' ऐकलं आणि मला हसूच आलं. कुठला रे तू, विचारलं तर कामठ्याचा. जगभरचे लोक त्या खेळात, आणि मला भेटला तो आपल्या तालुक्यातला. दीड वर्ष आम्ही रोज खेळतोय. दोघंही पोलीस भरतीची तयारी करतो. माझा गोळा कमी जात होता, तर पायाची ठेवण कशी हवी ते त्यानं फोनवर इतक्यांदा समजावलं की आता माझा गोळा त्याच्या पुढं जातो. तिरोड्याच्या एका मुलीवर त्याचा जीव आहे, तिला काय बोलावं ते मी त्याला शिकवते. एवढंच आहे आमचं. याला मी मैत्री म्हणते.

आता खरी गंमत. त्यानं घरी सांगितलं, दवनीवाड्याला एका मुलीनं मंडईला बोलावलंय. त्याची आई काय समजायचं ते समजली. मंडईच्या पाहुणपणात किती सोयरिकी जुळतात हे तुला सांगायला नको. पोराला मुलगी दाखवायला बोलावलं असं धरून जमुनाबाई नवं लुगडं नेसून, सोबत भाऊ शालीकरामला घेऊन दारात हजर. स्वप्निल मागं उभा, चेहरा पडलेला.  आपल्या आईनं सतरंजी टाकली आणि पोहे केले. शालीकराममामा मला स्वयंपाक येतो का विचारत होता. मी म्हटलं, मला नेम धरता येतो.

मग जमुनाबाईंनी आईला विचारलं, "आडनाव का जी तुमचा?"

आई म्हणाली, "रामटेके."

त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं. हातातली बशी खाली ठेवली. "माजा पोट भरला आहे जी," म्हणाल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. स्वप्निलनं मान खाली घालून स्वतःचे पोहे संपवले आणि तिघं उठून गेले.

म्हणजे तू म्हणालास तेच झालं, दादा. हे तुला कळवायला नको वाटत होतं म्हणून मी शेळीपासून सुरुवात केली. ती बशी उचलताना मला फार लागलं. बाबा विळा घेऊन शेतावर गेले. तेव्हा मला तुझा वर्गमित्र केवलराम आठवला. त्याच्या घरी तुला वेगळ्या कपात चहा दिला, तो कप तूच विसळून आलास आणि पुन्हा कुणाच्या घरी गेला नाहीस. तू कधी बोलला नाहीस, पण आईनं मला सांगितलंय. तुझा राग माझ्या खेळावर नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

पण तू गप्प राहिलास. मला ते जमत नाही.

स्वप्निल खेळात येईना. मीच फोन लावला. म्हणाला, "मले लाज वाटून राहिली." मी म्हटलं, "वाटू दे. तुमची मंडई कधी आहे ते सांग."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तुमी आमच्या मंडईले आले, आता आमी तुमच्या मंडईले येऊ. रीतच आहे. तुह्या आईले सांग, आमी जेवाले येऊन राहिलो."

 तो म्हणाला, सांगतो. आणि त्यानं खरंच सांगितलं. घरात दोन दिवस अबोला झाला म्हणे. मंडईला येतो म्हणणाऱ्याला नको म्हणायचं कसं, ते काही जमुनाबाईंना जमलं नसावं. काल चुलीपुढून त्यांनी एवढंच विचारलं, किती जण येणार आहेत? त्यांचं मन बदललं असं मी म्हणत नाही. पण भात किती टाकायचा ते त्यांनी विचारलं.

बाबा आधी नाही म्हणत होते. आता पांढरा सदरा इस्त्री करायला दिलाय. आई येते आहे. कामठ्याची मंडई येत्या गुरुवारी आहे. त्या घरी मी ताठ बसून जेवणार आहे, आणि तू नाही आलास तरी जाणारच.

स्वप्निलनं आकडा विचारला तेव्हा मी चार सांगितला.

तुझी वाट पाहणारी, पण तुझ्यासाठी न थांबणारी बहीण,
समीक्षा