डोहावरची बाई

॥ श्री ॥

पूर्णगड,
शुक्रवार, दि. ११ मे १९८४

बाबूच्या बाबांस सगुणाचा नमस्कार.

तुमची तार इथे फिरून आली. पत्ता पाहून दचकाल, म्हणून आधीच सांगते. मी आणि बाबू माझ्या माहेरी, लवूदादाकडे आहोत. दोघंही जिवंत आहोत. इथे उकाडा फार आहे, बांगडा स्वस्त झालाय, दादाची होडी दुरुस्तीला काढलीय. मुंबईत तुमच्या खोलीवर पाण्याचे हाल असतील.

तारेत तुम्ही एवढंच विचारलंत की रावजी भावजींना काय झालं. ते वाचले आहेत. खांद्याला टाके पडलेत. पण तिथून सुरुवात केली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून बाबूपासून सांगते.

शिमग्यानंतर बाबूच्या लघवीतून रक्त जायला लागलं. सगळी लाल नसायची, शेवटी शेवटी थेंब पडायचे. पोर गडग्याच्या दगडांना धरून ओठ चावत उभं राहायचं. तुम्हांला कळवणार होते, पण भावजी म्हणाले, "सखारामाच्या जीवाला कशाला घोर? मी हाय ना." वाडीतल्या आणखी पोरांना तसंच होत होतं. भावजी बाबूला भगताकडे घेऊन गेले. भगताने तांदूळ टाकले आणि सांगितलंन, "पाण्याकाठची बाई आहे. पोरांचं रगत ओढते."

पऱ्याचं पाणी साचतं त्या डोहाकाठी राहणारी बाई आपल्या वाडीत एकच, गंगुबाई. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, पोटी मूल नाही. खोपटात एकटी राहून लोकांच्या गोधड्या-चादरी धुवायची. पोरं डोहात उड्या मारत, आणि ती काठावरून ओरडे, "मेल्यांनो, खोल जाव नका!" तुम्हीही लहानपणी तिच्या शिव्या खाल्ल्यात.

सोमवारी सरकारी डॉक्टरांची जीप आली आणि शाळेच्या पडवीत त्यांनी टेबल मांडलं. डॉक्टरीणबाईंचं नाव विमला पाटणकर. म्हणाल्या, सगळ्यांची लघवी तपासायची आहे, आणि ती दुपारचीच पाहिजे. पोरांना आधी शाळेभोवती पळवत होत्या. लोक हसले. भावजी मोठ्याने म्हणाले, "मूत न्यायला जीप आलीय रे!" बायका तोंडावर पदर घेऊन माघारी गेल्या. मी बाबूला घेऊन रांगेत उभी राहिले.

बाईंनी बाटली थोडा वेळ तशीच ठेवली, मग तळाचा थेंब काचेवर घेऊन दुर्बिणीखाली धरला. मला म्हणाल्या, "या, बघा." मी डोळा लावला. तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी दिसलं, एका टोकाला काटा. ते एका बारीक जंताचं अंडं. काट्याने आतून ओरबाडतं म्हणून रक्त येतं. ज्याला हा रोग आहे तो पाण्यात लघवी करतो, अंडी पाण्यात फुटतात, त्यातले जीव तिथल्या इवल्याशा गोगलगायींत वाढतात आणि पुढे पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात. "करणी नाही, काही नाही. गोळ्यांनी बरा होतो," बाई म्हणाल्या. मला रडू फुटलं. इतके दिवस पोर मरणार म्हणून मी धास्तावले होते.

मग बाईंनी बाहेर येऊन सगळ्यांना हेच सांगितलं आणि विचारलं, "मोठ्या माणसांपैकी कोणाला जुना त्रास आहे का? लाजू नका."

तेवढ्यात कमळा जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हाय. लग्नाआधीपासून."

सगळी वाडी भावजींकडे बघायला लागली. त्यांनी टेबलावरचा लोखंडी ट्रे उचलून जाऊबाईंच्या तोंडावर मारलान. त्यांचे पुढचे दात पडले. मग बाटल्यांचं खोकं पायरीवर आपटलंन. कंपाउंडर मध्ये पडला, त्याची मान धरून काचांवर ढकललंन. "माझ्यात खोट काढता? ह्या सगळ्याच्या मुळाशी ती रांड हाय. चला रे, तिला विचारू!"

निम्मी वाडी त्यांच्यामागे गेली. मी जाऊबाईंचं रक्त पुसत होते. वर पाहिलं तर बाबू जागेवर नव्हता.

मी धावत डोहावर पोचले तेव्हा खोपट मोडून झालं होतं. गंगुबाईला केसांनी फरफटत पाण्याच्या काठावर आणलं होतं. लुगडं फाटलेलं, एक हात कोपरातून उलटा लोंबत होता. काठ्या पडत होत्या. मारणारे कोण ते मी एकेक ओळखते, तुम्हीही ओळखता. शिमग्याला ह्यांच्याच खांद्यावर पालखी नाचते.

भावजींनी बाबूला मानगुटीला धरून पुढे उभं केलं होतं. त्याच्या हातात जांभ्याचा दगड दिला. "मार हिला. तुझ्या हातनं लागला की उतरंल सगळा." बाबू मारेना. भावजींनी त्याला थोबाडीत दिली, परत दिली. पोराच्या नाकातून रक्त आलं. तेव्हा गंगुबाईने डोळे उघडले. म्हणाली, "मार रे बाबू. मारलास तर सोडतील तुला."

बाबूने मारला. तो तिच्या भुवईवर लागला.

हे लिहायला मला चार दिवस लागले.

ती त्या दगडाने गेली नाही. तुमच्या कानावर काहीही घालोत, हे लक्षात ठेवा. ती बसती झाली होती, पदर चाचपत होती. भावजी ओरडले, "हिचा पानी हिलाच पाजा!" आणि तिचं तोंड डोहात दाबलंन. पाठीवर गुडघा रोवलान. तिचे पाय चिखलात आपटत होते आणि सगळे बघत होते.

खोपटाच्या दारात तिची लाकडं तोडायची कोयती पडली होती. मी ती घेतली. आधी उलट्या बाजूने मारली. भावजींनी वळून पाहिलं, हसले, आणि गुडघा आणखी दाबला. मग मी धारेने मारली. खांद्याचं हाड लागलेलं माझ्या मनगटाला कळलं.

ते बाजूला पडले. मी गंगुबाईला ओढून उलटी केली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, तिची छाती दाबत राहिल्या. काही झालं नाही. जीपमध्ये एका बाकावर भावजी होते आणि खाली गंगुबाई.

दवाखान्यात भावजींची लघवी तपासली. तीच काट्याची अंडी. त्यांनी पोरांसारखं मुकाट्याने एक दिवस बाटली भरून दिली असती, तर ती बाई आज धुणी वाळत घालत असती.

दवाखान्यातूनच मी बाबूला घेऊन इथे निघून आले होते. बुधवारी वाडीतले गंगाराम गावकर इथे आले. सासूबाईंचा निरोप म्हणून सांगितलं, की गंगुबाई पाय घसरून पडली म्हण, भावजीही कोयतीवर आपणच पडलो म्हणतील. नाहीतर पोराच्या दगडाने म्हातारी मेली असं सगळी वाडी सांगेल. लवूदादाने त्यांना अंगणाबाहेर काढलं. मी पदर खोचला आणि बाबूला घेऊन चौकीवर गेले. सगळं सांगितलं. भावजींचं नाव, काठ्या मारणाऱ्यांची नावं, माझी कोयतीही. बाबूचं काय करावं ते सुचत नव्हतं. तोच म्हणाला, "मी दगड मारला." फौजदार लिहायचे थांबले. त्याला पाणी दिलं, आणि मग तेही लिहिलं.

माझ्यावरही केस होईल. होऊ दे.

आता तुमचं. गेल्या गणपतीत तुम्ही आला होतात, तेव्हा तुमचा लेंगा धुताना मला डाग दिसला होता. मी विचारलं, तर तुम्ही माझ्या कानशिलात मारलीत. "माझ्यावर संशय घेतेस?" त्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. खरं सांगते, माझ्या मनात तेच आलं होतं, मुंबईतल्या बायकांचं. रात्रंदिवस तुमच्याविषयी घाण विचार करत होते. आता कळलं, की तुम्ही त्याच डोहात पोहून मोठे झालात. लाजायचं कारण नाही. मोठ्या इस्पितळात जा, दुपारची लघवी द्या, आणि गावी असं होतं म्हणून सांगा. बाबूला गोळ्या सुरू झाल्यात. काल त्याला रक्त पडलं नाही.

त्यानंतर गावी यायचं की इथे, ते तुम्ही ठरवा. भावाला सोडवायला वकील बघणार असाल तर बघा, भाऊ आहे तुमचा. मी कोर्टात उभी राहणार आणि पाहिलं ते सांगणार. तुम्ही समोर बसला असलात तरी.

बाबू झोपेत दचकून उठतो आणि विचारतो, "बाबा आले की मला मारतील का गो?" ह्याचं उत्तर मला नको. त्याला लिहा.

सगुणा