वाजलेली झडप

प्रिय शरत,

तुझी लाल गाडी शेडमध्येच उभी आहे. कॅनडाला जाताना तू म्हणाला होतास, "अप्पा, आठवड्यातून एकदा तरी फिरवा हं," आणि अप्पांनी ते पूजेच्या नेमासारखं पाळलं. मागच्या महिन्यात रिंग रोडवर तिला धाप लागायला लागली. वेग घ्यायच्या वेळी मागून कुणी पदर धरून ठेवावा तशी अडायची. टर्बोचंच काहीतरी, असं अप्पा म्हणाले, आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा पूर्वी त्यांच्या नजरबादच्या गॅरेजात असायचा तसा दिसला. आठवतं ना? गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून सांगायचे हिचं काय दुखतंय ते.

मग आम्हा नवरा-बायकोची शाळा भरली. तू ठेवून गेलेलं गाडी-दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मी वाचायचं, हात त्यांनी चालवायचे. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, आणि किती कोंबायची त्यावर एका लहानशा विजेच्या झडपेचा लगाम असतो म्हणे. ती शोधण्यातच एक सकाळ गेली. पुस्तक म्हणे उजवीकडे. मी गाडीसमोर उभी राहून माझा उजवा हात दाखवत होते. पुस्तकाचा उजवा म्हणजे गाडीत बसलेल्याचा! "अय्यो, तुझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी एवढंही शिकवलं नाही का गं?" म्हणून अप्पा खूप हसले. मीही हसले. इतक्या वर्षांत माझं इंग्रजी पहिल्यांदाच त्यांच्या कामाला येत होतं.

शेवटी एका जाड पाइपाखाली झडप सापडली. तपासायची रीत सोपी. बॅटरीच्या दोन तारा लावायच्या. चांगली असेल तर टक् वाजते. अप्पांनी तारा लावल्या. टक् वाजली. ते म्हणाले, "मेली." मला वाटलं, थट्टा करताहेत. पुन्हा लावल्या, पुन्हा वाजली. "वाजली हो," मी म्हटलं. "सुम्ने इरू! गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?" बंगळूरहून नवी मागवली, तीही त्यांनी मेलेलीच ठरवली. दुकानदाराला फोनवर झापलं, त्याला बोलूच दिलं नाही. नळीतून फुंकर मारूनही झडप तपासता येते, असं पुस्तकात पुढे होतं. ते मी वाचलं, पुन्हा मोठ्याने वाचलं. माझ्याकडे पाठ करून ते पाना पुसत राहिले. ते माझे ओठ पाहून उत्तरं देतात, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

गुरुवारी त्यांनी बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू केलं. झडपेच्या रबरी नळीतून बारीक सुस्कारा येत होता. मी बोट दाखवलं. अप्पा हात मागे बांधून वाकले, कान नळीजवळ नेला, बराच वेळ तसेच राहिले. मग मला म्हणाले, "इंजिन का बंद केलंस?"

इंजिन चालू होतं रे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पत्र्यावर तळहात टेकवला. हाताला इंजिनाची थरथर लागली असेल. हात तिथेच राहिला. नंतर त्यांनी एकेक हत्यार पुसलं आणि अख्खा डबा भंगारवाल्याला द्यायला सांगितला.

गोकुलमच्या डॉक्टरांनी काल त्यांचे कान तपासले. डाव्या कानात काही उरलं नाही. उजव्याची नसही वाळत चाललीय, यंत्राचा उपयोग नाही म्हणाले. रविवारी तू फोनवर बोलतोस आणि ते "हो हो, सगळं ठीक" म्हणतात ना, त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. फोनला ओठ नसतात, शरत. फोन ठेवला की मला विचारतात, काय म्हणाला गं? आणि तू जे बोललास ते मी त्यांच्यासमोर बसून सावकाश सांगते. शब्द तुझेच असतात, पण आवाज त्यांना कुणाचाच येत नाही. उजव्या कानाला अगदी तोंड लावून बोललं तर अजून कधीकधी थोडं कळतं. म्हणून लिहिते आहे. गाडीचं राहू दे, तू ये. त्या कानाशी एकदा "अप्पा" म्हण. तू येईपर्यंत तेवढंही राहील असं मला वाटत नाही. तरी ये.

तुझीच,
आई